बारीक अक्षरातला अर्थ

खजुरी,
मार्गशीर्ष, १९५५

प्रिय सोमशेखर,

सोमवारी सकाळी लिंगपूजा झाली, कपाळाला विभूती लावली आणि तुझं इंग्रजी शब्दांचं पुस्तक मी उघडलं नाही. कितीतरी वर्षांत अशी सकाळ आली नव्हती. पुस्तक कोनाड्यातून काढलं, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलं आणि ईरम्माच्या ट्रंकेत, तिच्या लुगड्यांखाली ठेवून दिलं. ती चुलीपाशी होती. तिनं पाहिलं आणि जाळ आत सारला. मग पटका बांधून मी मठाकडे निघालो. तिथं काय झालं ते सांगेनच, पण आधी तू नसतानाचं सगळं तुला कळायला हवं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तू संस्थानाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेलास, तेव्हा तुझ्या बायकोच्या, ईरम्माच्या, अंगावरची लग्नाची हळद पुरती उतरलीही नव्हती. तुझ्याबरोबर गेलेला काशप्पा तेवढा परत आला. दारात बसून म्हणाला, "वढ्यात गोळ्या सुटल्या, काका. समदे पळालाव. मागं वळून बघितलं तर सोमू न्हवता." तू पडलास असं त्याने पाहिलं नव्हतं, निसटलास असंही नाही. पुढे दोन महिन्यांनी फौजा आल्या, राज्य बदललं, लपलेली पोरं एकेक करून घरी आली. तुझी अव्वा, आईच ती, तुझ्यासाठी रोज एक भाकरी जास्त थापायची. ती अजून थापते.

मी कचेऱ्या धरल्या. सोलापुरात म्हणाले, मुलगा हैदराबाद संस्थानातला, तिकडे विचारा. गुलबर्ग्यात म्हणाले, प्रकार घडला सरहद्दीपलीकडे, तिकडे विचारा. आधी अर्ज उर्दूत लिहून घ्यावे लागत, मग सगळा कारभार इंग्रजीत गेला. एके दिवशी गुलबर्ग्याहून उत्तर आलं. ते घेऊन मी परत कचेरीत गेलो. कारकुनाने उभ्याउभ्याच नजर फिरवली आणि म्हणाला, "सापडत न्हाई म्हणून लिवलंय. जावा आता." एवढ्या ओळी आणि अर्थ दोनच शब्दांचा? माझा विश्वास बसला नाही. तू गुलबर्ग्याला शिकत होतास तेव्हा मला म्हणाला होतास, अप्पा, मोठ्या अक्षरातला अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असतो, खालचा बारीक अक्षरातला वाचावा. तुझ्या पुस्तकात त्या बारीक अर्थांखाली तू पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्यास. मला वाटलं, तुझ्याबद्दलचं खरं काय ते त्या उत्तरात बारीक अक्षरातच असणार.

म्हणून पंचेचाळिशीला टेकलेला मी वीरण्णा मास्तरांकडे जाऊन एबीसीडी गिरवू लागलो. रोज पूजेनंतर ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचो. ईरम्मा जवळ बसून ज्वारी निवडायची आणि माझ्याआधी तिलाच पाठ व्हायचं. फास्ट म्हणजे वेगानं, हे मला ठाऊक होतं. बारीक अक्षरात निघालं, उपवास. सोमवारच्या उपवासाला साहेबाच्या भाषेत हाच शब्द आहे हे वाचून मला उगीच बरं वाटलं. फेअर निघाला तेव्हा तर ती निवडता निवडता थांबली. म्हणाली, "गोरी बी फेअर, न्यायाची गोष्ट बी फेअर, आन् जत्रा बी फेअर? साहेब लोकांत शब्दांचा दुष्काळ पडलाय का काय, मामा?" मी म्हटलं, बेअर म्हणजे अस्वल आणि बेअर म्हणजे सोसणं. त्यावर ती हसली नाही. "दरवेशाचं अस्वल बघितलाव की आपण. नाकात दोरी घालून नाचवतेत. सोसत न्हाई तर काय करतंय त्ये?" आतून तुझ्या अव्वाचा आवाज आला, "सासरा-सून मिळून बालिस्टर व्हायलाव का? हिकडं भाकर करपायलीय!" आपल्या घरात तेव्हा असं हसणं व्हायचं. तू ऐकायला हवं होतंस.

त्या उत्तरात मुख्य शब्द होता ट्रेस. पुस्तकात मोठ्या अक्षरात माग, ठावठिकाणा. खाली बारीक अक्षरात, गाडीला घोडा जुंपायचा पट्टा. त्याच्याही खाली, पातळ कागद ठेवून खालचं चित्र गिरवणं. ती सकाळ मी तिन्ही अर्थ त्या ओळीत बसवून पाहण्यात घालवली. पट्टा बसला नाही. गिरवणंही बसलं नाही. शेवटी कारकून म्हणाला होता तेच राहिलं. तरी मी पुस्तक मिटलं नाही. ट्रेस संपला तर त्याच्या पुढचा शब्द घेतला, मग त्याच्या पुढचा. कचेरीत परत अर्ज टाकले आणि परत तशीच उत्तरं आली. सोमू, मला इंग्रजी येऊ लागलं, आणि जेवढं येऊ लागलं तेवढं त्या कागदांत काहीच नाही हे स्पष्ट दिसू लागलं. एकदा ईरम्मा हळूच म्हणाली, "शब्दाला धा अर्थ असतेत, मामा. माणूस एकलाच व्हता." मी तिच्यावर ओरडलो. तिने ज्वारीचं सूप उचललं आणि आत गेली.

गेल्या चैत्रात जत्रेत ती अव्वाबरोबर बांगड्या भरायला गेली. कासार आपला जुनाच, मलिक. नवरा असलेल्या बाईला हिरव्या भरू का म्हणून कुणी कासार विचारत नसतो, तो हात धरतो आणि भरू लागतो. त्याने एक हात भरला, दुसरा हातात घेतला, आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "हिरव्याच भरू नव्हं, अक्का?" ईरम्माने हात काढून घेतला. एका हातात हिरवा चुडा आणि दुसरा हात मोकळा, अशी ती घरी आली आणि तशीच राहिली. अव्वाने भरून घे म्हटलं, तिने ऐकलं नाही. काढ तरी, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पीठ मळताना एकाच हाताचा आवाज यायचा. मी पूजेला डोळे मिटून बसायचो, तळहातावर लिंग असायचं, आणि कानात तो एकाच हाताचा आवाज.

दिवाळीनंतर मेहकरहून तिचे वडील तिप्पण्णा आले. हुमनाबादला अण्णाराव म्हणून बिजवर आहे, लहान मुलगी आहे, किराणा दुकान आहे, उडकी लावून, म्हणजे दुसरं लग्न करून, न्यायला तयार आहे, असं जमिनीकडे बघत म्हणाले. मी मठातल्या शिवय्या अय्यांना विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या नवऱ्याचा खड्डा झाल्याबिगर, म्हंजी त्येला माती दिल्याबिगर, बाईची उडकी लागत न्हाई. आन् पोरगं गेलं म्हणून घरच्या वडीलमाणसानंच पाच जणांपुढं म्हणावं लागतंय. तुमच्या तोंडचं मी कसं म्हणू?" मी ईरम्माला विचारलं, तुझ्या मनात काय आहे. तिने मोकळा हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "तुमी म्हणाल तसं. पर काय तरी म्हणा, मामा."

सोमवारी मी मठात गेलो. तिप्पण्णा होते, काशप्पा होता, वीरण्णा मास्तर होते, गावचे दोघे होते. उभा राहिलो आणि म्हणालो, "माझा सोमशेखर गेला." मोठ्याने म्हणालो, म्हणजे पुन्हा म्हणावं लागू नये. काशप्पा रडला. मला रडू आलं नाही, कारण जे म्हणालो ते खरं की नाही, मला ठाऊक नाही. घरी येऊन मी ईरम्माच्या हातातला चुडा स्वतः उतरवला. एकही बांगडी फुटू दिली नाही. दुपारी ती वडिलांबरोबर गाडीत बसली. गाडी हलताना म्हणाली, "पुस्तक माझ्या ट्रंकेत ऱ्हायलंय, मामा." मी म्हटलं, राहू दे, ते तुझंच आहे. तेव्हापासून तुझी अव्वा माझ्याशी बोललेली नाही. भाकरी मात्र एक जास्तच थापते.

तुझ्या आज्जाच्या समाधीशेजारी शेतात आज सकाळी खड्डा काढला. शिवय्या म्हणतात, खड्डा रिकामा बुजवू नये, गेलेल्याच्या नावाचं काहीतरी आत हवं. तुझं इष्टलिंग तुझ्याच गळ्यात असेल, जिथं असशील तिथं. म्हणून तू जन्मलास तेव्हा तुझ्या गळ्यात बांधलेली, लिंग ठेवायची चांदीची लहान करडगी विभूतीने भरून ठेवली आहे, आणि तिच्याबरोबर हे पत्र ठेवायचं आहे. त्यासाठीच लिहिलं. तू जिवंत असशील तर हे तुझ्या हाती कधीच पडणार नाही. एखाद्या दिवशी दारात येशील आणि ईरम्मा कुठंय म्हणून विचारशील, तेव्हा मी काय उत्तर देऊ ते मला कोणत्याच भाषेत सुचत नाही. गेला असशील तरच हे तुला मिळेल, आणि तुला ते मिळावं असं मनात आणताना माझा हात थांबतो, बाळ. पण शिवय्या बांधावर उभे आहेत. मी कागदाची घडी घालतो आहे.

तुझाच,
अप्पा