भोक पाडलेल्या फ्लॉप्या

तांडा, दिग्रसजवळ
२ मार्च २०२५

चि. सौ. वर्षास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि तू निम्मं सांगत नाहीस, म्हणून लिहितो. सोबतच्या डब्यात आपल्या धाकट्या भावाच्या, लखनच्या तीन फ्लॉप्या आहेत. दिग्रसला कॉम्प्युटर क्लास चालवायचा तेव्हा याडीला शेजारी बसवून तिचे सगळे ढावलो त्याने टाइप करून यांत उतरवले होते. आता लखन नाही, आणि लकव्याच्या झटक्यानंतर याडीची वाचाही गेली.

राखीचं लग्न एप्रिलात आहे. सासरी निघताना तिला आजीच्या, आपल्या याडीच्याच शब्दांत रडायचं आहे. एकेकाच्या गळ्यात पडून त्याचा त्याचा ढावलो रडत गायचा, तोही आपल्या माणसांची नावं घेऊन. तो दुसऱ्या तांड्यातून उसना कसा आणणार? बाकीच्या पोरी डीजेवर नाचत निघतात, आपली अडून बसली आहे. तुझ्यावरच गेली. नागपुरात मशीन मिळेलच. जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझा दादा, लखीराम


नागपूर
१६ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझा डबा मिळाला. दुकानदाराने पहिली फ्लॉपी घातली तर मशीन विचारतं, फॉरमॅट करायची का? त्याचं बोट 'हो'वर जाणारच होतं, मी हातच धरला. तेव्हापासून तो मला वेडी समजतो.

दुसरीही तशीच. मग त्याने कोपऱ्यातलं भोक दाखवलं. जास्त जागेच्या फ्लॉपीला ते मुळातच असायचं. लखनने स्वस्तातल्या, निम्म्या जागेच्या घेतल्या आणि तापल्या सुईने भोक पाडलं. मशीन फसलं, दुप्पट लिहूनही घेतलं. पण आतल्या चकतीत इतकी वर्षं ते धरून ठेवायची ताकद नव्हती. आठवतं, आपण किती कौतुक करायचो त्याच्या युक्तीचं?

तिसरीत फायलींची नावं दिसली. बापू, भाई, फूफी, याडी. दादा, मला वाटलं मिळालं. आम्ही उघडायला गेलो तर मशीन नुसतं कुरकुरलं. जुना कॉम्प्युटर असलेल्या आणखी दोघांकडे गेले, तिथेही तेच. आता आशा धरू नकोस, आणि राखीला तूच सांग, माझ्याने होणार नाही. माया कमी करू नकोस.

तुझी वर्षा


तांडा
२९ मार्च

चि. सौ. वर्षास अनेक आशीर्वाद.

राखीला सांगितलं. तेव्हापासून ती रोज याडीजवळ बसते, एकेक शब्द सुचवते आणि बरोबर असला तर डोळे मीट म्हणते. याडी डोळे मिटते, पण ते झोपेने. माझं सारखं मनात येतं, तिच्या आत सगळं असेल ना गं? लग्नाला आठवडाभर आधी ये. बाकी क्षेम. आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.

लखीराम


नेर
२४ एप्रिल

प्रिय आत्यास राखीचा नमस्कार.

इथे सासरी फोनवर बोलले की चार जणी कान लावून बसतात, म्हणून पत्र. निघताना तू कानात विचारलंस, 'राखे, काहून रडून नाही राह्यली?' सगळ्यांना वाटलं पोरगी खुशीत निघाली. आत्या, मला रडायचं होतं. बापूंच्या गळ्यात पडले तर तोंडात एक शब्द नाही. दुसऱ्या पोरी नुसत्या हुंदक्यांनी रडतात, मला तेही जमलं नाही.

शेवटी आजीजवळ वाकले तेव्हा तुमचं सगळ्यांचं लक्ष गाडीकडे होतं. आजीने माझा हात धरला आणि तिचे ओठ हलायला लागले. ती ढावलो म्हणत होती गं. आवाज नव्हता, पण श्वास घेऊन घेऊन कडव्यामागून कडवं म्हणत होती. मी ओठांकडे बघत राहिले, एकही शब्द कळला नाही. उशीर होतोय म्हणून कोणीतरी मला उठवलं, तेव्हा तिचं संपलं नव्हतं.

बापूंना हे कळू देऊ नकोस. माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी राखी