काचनळीतला मावा

प्रिय हेस्टर,

तुझ्या काचनळीतला पंखवाला मावा मी मंगळवारी, साडेतीन वर्षांनी, प्रथमच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ‘प्रथमच’ हा शब्द पुन्हा वाच. माझा कबुलीजबाब तेवढाच आहे.

थ्रॉसल वुडच्या रानातल्या ओकखाली तो दुर्मीळ किडा तुला सापडला, तेव्हा जिल्ह्यातल्या कीटकांच्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे होते. नवा रस्ता रानातून न्यावा की वळवावा, याची सुनावणी महिन्यावर आली होती आणि रान वाचवायला तुझ्याकडे तेवढा एकच पुरावा होता. मी म्हणालो, पंख असलेला मावा वाऱ्यावर कुठूनही येतो. ओकखाली सापडला म्हणून तो ओकचा ठरत नाही. त्याची बिनपंखी वसाहत दाखव. थर्मासचे झाकण आपटून तू म्हणालीस, “अरे बाबा, देवदूत उतरला तरी तू आधी त्याच्या बिनपंखी भावंडांचा पत्ता विचारशील!” मी हसलो नाही. पानांच्या खालच्या बाजू तपास, एवढेच सांगितले. महिनाभर तू शिडी लावून पाने उलटलीस. मी लेखी नकार दिला. सुनावणीत तोच कागद वाचला गेला.

नियम मला आजही योग्य वाटतो. चूक त्याच्या अलीकडची होती: नियम हाताशी असल्याने मी भिंगापर्यंत गेलोच नाही. मंगळवारी पोटाखाली दुमडलेली सोंड दिसली, अंगाच्या दुप्पट लांब. पानातला रस प्यायला एवढी सोंड लागत नाही. ती जाड सालीसाठी असते. हा मावा बुंध्याच्या भेगांत, काळ्या मुंग्यांच्या पहाऱ्यात राहतो. तू शिडीवर होतीस, हेस्टर. तो बहुधा शिडीच्या पायाशी होता.

बुधवारी गेलो. रस्त्याकडेला एकच ओक उरला आहे. गुडघे टेकून साल पाहत होतो, तर डांबर टाकणारा एक कामगार ओरडला, “काय आजोबा, चष्मा पडला का?” मुंग्या शोधतोय, म्हणालो. “मग आमचा डबा उघडा की!” सगळे हसले. सालीवर मुंग्या नव्हत्या.

नकार लेखी दिला असेल तर दुरुस्तीही लेखी द्यावी, हा आपला नियम. म्हणून हे पत्र. मावा बसवलेली काचपट्टी सोबत आहे. तिच्या चिठ्ठीवर शोधक म्हणून तुझे नाव आहे, ठिकाण थ्रॉसल वुड, आणि सद्यस्थितीपुढे मला ‘नामशेष’ लिहावे लागले. पत्राचे दुसरे कारण कोणत्याही नियमात बसत नाही. आपण भेटलो त्या शेवटच्या दिवशी नळी माझ्या टेबलावर ठेवून तू म्हणाली होतीस, “वेळ मिळाला की बघ.” मला वेळ होता.

तुझाच, जर अजून तसे लिहिता येत असेल तर,
ऑसबर्ट