अबू युसुफची निळी बशी

अल अझीझिया, मार्च २००३, शुक्रवार

बगदादवर बॉम्ब पडतायत. शेजारच्या अबू युसुफची बहीण तिथेच आहे. त्याला मी सांगितलंय, मी रास लफानला गॅसच्या कारखान्यात कामाला आहे. साफ खोटं. मी इथल्याच अमेरिकन तळावर स्टोअरकीपर.

परवा त्यांनी खजुराच्या करंज्या पाठवल्या. बशी रिकामी परत करायची नाही, म्हणून राबियाने तिच्यात मी तळावरून आणलेली बिस्किटं घातली. सैनिकांची, खाकी पाकिटातली! बायकोला आधीच बजावायला काय झालं होतं मला?

आज जुम्म्याच्या नमाजाला अबू युसुफ माझ्याच बाजूला. बगदादसाठी दुआ झाली, मीही आमीन म्हटलं. कुठल्या तोंडाने? बाहेर आल्यावर म्हणाला, "पोरांनी बिस्किटं खाल्ली, शुक्रन. तळावर सांभाळून राहा."

घरी आलो तर तीच निळी बशी, पुन्हा भरलेली. राबिया विचारतेय, आता हिच्यात काय घालू?