रतनच्या नाकावर टिच्चून गिटार

३ नोव्हेंबर, भाऊबीज
थळला घरी परत आलो. छातीत धडधड. गोळी घेतली.
मेव्हण्याच्या घरी रतनने आज पुन्हा होडीची गोष्ट सांगितली. रतन माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा, नलूचा नवरा. मी चाळीस वर्षं होड्या बांधल्या. त्यातली एक पाण्यात उतरवली त्याच दिवशी गळली. एकच. अठ्ठ्याण्णव साली. तेव्हापासून आमच्यात एकही लग्न, बारसं की बारावं या गोष्टीशिवाय पार पडलेलं नाही. आज माझी नात रुचितासुद्धा हसली. ते लागलं.
रतनचं मांडव्याला होमस्टे होतंय. २६ जानेवारीला उद्घाटन. पाहुण्यांसाठी व्हिंटेज गिटार ठेवणार म्हणे. मुंबईत कोणी हाताने बनवतो, नंबर लावावा लागतो. फार मिरवत होता. माझ्या तोंडून निघून गेलं की नंबर कशाला, मी घरी बनवतो. रतन म्हणाला, आणा की धर्माजीशेठ, पण पाणी उपसायला डबा पण आणा संगती.
सगळे हसले. मी जेवलो नाही. करंज्या खाल्ल्या. त्या नलूने आणल्या होत्या, रतनने नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी ६
निश्चय. उद्घाटनाला रुचिता सगळ्या नातेवाइकांसमोर माझी गिटार वाजवणार. ती दोन वर्षं गिटारच्या क्लासला जाते आहे. वाजवून झालं की मी रतनसमोर जाऊन एकच वाक्य बोलणार: "रतन, आता हस." मग पाठ फिरवून चालू लागायचं. चहालाही थांबायचं नाही.
दुसरा निश्चय. रतनला कामाचा सुगावा लागू द्यायचा नाही. बायकोला, कोकिळाला बजावलं, नलूचा फोन घ्यायचा नाही. ती म्हणाली, व्हय, व्हय. तेव्हा ती फोनवर नलूशीच बोलत होती.

७ नोव्हेंबर
रुचिताने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. शंभर वर्षांपूर्वी गरिबांसाठी बनवायचे तशी लहान गिटार. साधं लाकूड, आत आडव्या पट्ट्या, नक्षी नाही. मला सहज जमेल. तीन आठवडे पुरेत.
व्हिडिओतला गोरा म्हणतो, वरची फळी तीन मिलिमीटर. तीन! फळी आहे की पापड? या माणसाने लाट पाहिलेली नाही, हे कळतं.

१२ नोव्हेंबर
बंदरावरच्या मुश्ताकभाईंनी जुनी होडी मोडली. त्यातल्या सागाच्या फळ्या मागून आणल्या. मुश्ताकभाई म्हणाले, धर्माजी, या लाकडाने तीस वर्षं खारं पाणी पिलंय, आता म्हातारपणी त्याला गाणं शिकवता? मी म्हटलं, सूड घ्यायचाय. ते म्हणाले, लाकडावर? मग म्हणाले, इन्शाल्ला, होईल, चहा घ्या.
पाठीत चमक. उद्यापासून काम.

२० नोव्हेंबर
पाठ.

२५ नोव्हेंबर
कामाला लागलो. बाजूच्या पट्ट्या भिजवून विस्तवावर वाकवल्या. होडीची फळी वाकवतो तशाच. एकही तडकली नाही. रुचिताने पट्ट्यांच्या बाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, आबा, हे तुम्ही डोळ्यांनी मापून केलंत? म्हटलं, मग कशाने? ती कितीतरी वेळ बोट फिरवत होती.
अठ्ठ्याण्णवच्या होडीचंही वाकवण्याचं काम चांगलंच होतं. सांधा गेला होता, बाक नाही. पण हे कोणी विचारत नाही.

४ डिसेंबर
वरची फळी अर्धा इंच ठेवली. आत गोऱ्याने चार पट्ट्या लावल्या होत्या, मी नऊ लावल्या. तांब्याचे खिळे मारले. सांध्यांत होडीसारखा तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवला. रुचिता म्हणाली, आबा, गिटारीला कापूस नसतो. मी विचारलं, मग सांधा कशाने राहणार? ती म्हणाली, गोंदाने. मला हसू आलं.
कोकिळाने उचलून पाहिली. म्हणाली, आवो, ही वाजवायची हाय का वाटण वाटायचं?
हे वाक्य नलूला कळवू नकोस, असं तिला सांगितलं. कळवलं असणार.

११ डिसेंबर, दुपारी १२
मोठा दिवस! होडी उतरवण्याआधी आतून पाणी भरून सांधे तपासतात. अठ्ठ्याण्णव साली मालकाला घाई होती म्हणून तेवढं राहिलं होतं. आता ती चूक नाही. गिटार अंगणात ओंडक्यांवर ठेवली आणि मधल्या भोकातून दोन कळशा पाणी ओतलं. अर्धा तास स्टुलावर बसून पाहिलं.
एक थेंब नाही. एक थेंबसुद्धा बाहेर आला नाही!
शेजारची केसर कुंपणावरून विचारत होती, काका, मासे पाळलेत का? उत्तर दिलं नाही. तिची आत्या मांडव्याला असते.

१२ डिसेंबर
पाणी बाहेर काढता येत नाही. भोक लहान आहे.

१३ डिसेंबर
उलटी टांगली. निघालं.

२१ डिसेंबर
वाळली. पोट थोडं फुगलं आहे. मला तरी ते शोभून दिसतं. रतनलाही पोट आहेच.

२ जानेवारी
रुचिताने तारा लावल्या. पहिला सूर.
ठक.
रुचिताने पुन्हा वाजवलं. ठक ठक. मग म्हणाली, आबा, हिचा आवाज आतच राहतोय. वरची फळी रंध्याने पातळ करा, पट्ट्या निम्म्या काढा. अजून तीन आठवडे आहेत, मी मदत करते.
मी विचारलं, पातळ केली आणि उकलली तर? ती म्हणाली, नाही उकलणार. मी म्हटलं, नाही उकलणार असं मीही म्हणालो होतो. अठ्ठ्याण्णव साली. बंदरावर, सगळ्या गावासमोर.
रंधा तसाच राहिला.

३ जानेवारी
शांतपणे विचार केला. नव्या वाद्याला कंठ फुटायला वेळ लागतो. रुचिता लहान आहे, तिला व्हिंटेजमधलं काय कळतं. ठक हा मूळ सूर असावा.

१० जानेवारी
आवाज कालच्यापेक्षा मोठा वाटला. कोकिळा म्हणाली, ते थळच्या खत कारखान्यातलं काहीतरी होतं.

१८ जानेवारी
रतनचा फोन आला. निमंत्रण. साडूभाऊ, या हो नक्की, आणि ते सामान आणताय ना? सामान म्हणाला! हसत होता का, फोनवर नीट कळलं नाही. हसतच असणार. आरशासमोर वाक्य वीस वेळा म्हटलं. रतन, आता हस. शेवटच्या दोन वेळा फार छान झालं.

२५ जानेवारी
ॲसिडिटी. आणखी एक निश्चय: रतन हात पुढे करेल, मी करायचा नाही.

२६ जानेवारी, संध्याकाळी ७
क्रमाने लिहितो.
रतनने हात पुढे केला. मी केला नाही, कारण दोन्ही हातांत गिटार होती.
पूजा झाली. सगळे नातेवाईक व्हरांड्यात, मुंबईचे पाहुणे पायरीवर. रुचिताने गिटार मांडीवर घेतली आणि सुरू केलं. तिने खरंच जीव ओतला, कपाळावर घाम आला होता. पण नेमकी तेव्हा जेट्टीवर बोट लागली, पंखा गरगरत होता, माणसं श्वासही फार मोठ्याने घेत होती. मेव्हण्याने कानामागे हात धरून विचारलं, सुरू झालं का गं? रुचिता म्हणाली, संपत आलं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मी ठरल्याप्रमाणे उठलो. वाक्य स्पष्ट म्हटलं. मात्र रतनला त्याच वेळी कोणी आत बोलावलं होतं आणि त्याच्या जागी गिझर बसवणारा माणूस उभा होता. "आता हस" म्हटल्यावर तो बिचारा हसला.
नंतर रतन आला. गिटार उचलली, उलटसुलट केली, टिचकी मारली, बाजूच्या बाकावरून बोट फिरवलं. म्हणाला, दिसायला झकास हाय हो. वाजायची काय गरज हाय? राहू द्या हितंच.
होडीचं नाव काढलं नाही. यात काहीतरी कट आहे.
चहाला थांबलो. नाही म्हणता आलं नाही.

३० जानेवारी
नीट पाहिलं तर विजय माझाच आहे. रतनला रोज माझं काम पाहावं लागणार. रोज! याहून मोठा सूड कोणता?

१६ फेब्रुवारी
मांडव्याला जाऊन आलो, सूड कसा चालला आहे ते पाहायला. गिटार काऊंटरमागे टांगली आहे, डोकं खाली. तारा काढल्या आहेत. डोक्यावरच्या सहा खुंट्या मी चाकूने कोरल्या होत्या. त्यांना रतनने सहा खोल्यांच्या चाव्या अडकवल्या आहेत. नलू म्हणाली, भावोजी, आता चावी हरवत न्हाय बघा, लय सोय झाली.
परतताना रिक्षात विचार केला. माझ्या गिटारीला हात लावल्याशिवाय रतनच्या घरातली एकही खोली उघडत नाही. हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

८ मार्च
रतनचा फोन. मागे सातवी खोली बांधली. म्हणाला, साडूभाऊ, आणखी एक खुंटी बसवून द्याल का? तुमच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा न्हाय. मी कडक शब्दांत सांगितलं, जगातल्या कुठल्याही गिटारीला सहाच असतात, हा त्या वाद्याचा अपमान आहे, हे माझ्याच्याने होणार नाही. फोन ठेवला.

९ मार्च
बसवून आलो. घट्ट बसली.