तापीच्या उलट वाटेने

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

मनातून जातच नाहीये, म्हणून लिहिते.

घरातला संगणक आम्ही दोघी वापरतो, मी आणि आई. मी पुण्यातल्या नर्सिंगच्या नोकऱ्या शोधते. आईला कळू नये म्हणून ब्राउझर बंद केला की सगळं आपोआप पुसलं जाईल, अशी सोय करून ठेवलीय. बाबा गेल्यावर तिला सुरतेत एकटं टाकून जायचं, हे कुठल्या तोंडाने सांगू?

आई रोज नकाशात माहेर बघते. तापीवर बोट ठेवते आणि नदीच्या उलट दिशेने हळूहळू खानदेशात सरकते. आज ती गावाचं नाव एकेक अक्षर शोधत टाइप करत होती.

"हाई यंतर रोज भुली जास," ती म्हणाली.

भुलत नाही गं, मीच पुसते. मनातच म्हटलं.

"थांब, नाव लक्षात राहील असं करते."

"ऱ्हाऊ दे. रोज लिखी लिखी माले अक्षरं येवाले लागनात."

दुसरीत शाळा सुटलेली माझी आई. बोट पुन्हा नदीवर. मीही तिच्यासोबत वाहत गेले. उकाई धरणाचं पाणी मागे पडलं, निळं, मग हिरवी शेतं, आणि आपण खोलीत बसलोय हेच विसरले.

नजर न हलवता ती म्हणाली, "काल तू चहा टाकाले उठनी, तवय पुणं उघडंच व्हतं."

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"माले पुणं लिखानं शिकाड. तू गयी का मग मी तठे बी येत जासू."

मी तिला 'पु' दाखवला. अर्ज उद्या पाठवणार आहे.