तिसऱ्या आकृतीतली पट्टी

लातूर,
१७ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अण्णास,
अंबिकाचा शरणु शरणार्थी.

तुझं पत्र मिळालं. इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत धरला होता, आता पायऱ्या चढते. मुरुडचं दुकान वहिनी एकटीनं चालवते. बियाण्याच्या कंपनीची माणसं आली तर पूर्वी आत जाऊन बसायची, आता त्यांच्याशी भांडते. साक्षीची दहावी शुक्रवारपासून. तिला गणिताची धास्ती आहे, बाकी पोरगी तुझ्यासारखीच, भीती दाखवत नाही.

तू विचारलंस, "आता किती झाले?" दोनशे एकतीस.

सहा वर्षांत तुझं एकही पत्र या प्रश्नाशिवाय आलं नाही. आईची चौकशी त्याच्या खाली असते. तुरीच्या मर रोगावरचा माझा पेपर जगातले संशोधक आपल्या लिखाणात आधाराला घेतात आणि त्याला सायटेशन म्हणतात, हे तू बराकीत सगळ्यांना सांगितलंस असं वहिनी म्हणाली. माझे एकूण अकरा पेपर आहेत, अण्णा. बाकीच्या दहांना मिळून चाळीस सायटेशन नाहीत. कॉलेजातली नोकरी लागली ती या एका पेपरवर. गेल्या महिन्यात बढतीची मुलाखत झाली, तिथंही त्यांनी तोच एक पेपर समोर ठेवला होता. मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

मागची तीन पत्रं मी इथंच संपवली होती. आज संपवत नाही. पाकीट तुझ्या आधी तिथले साहेब फोडतात, ते मला माहीत आहे. फोडू देत.

डिसेंबरात हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतून ईमेल आला. अक्षरा नावाची मुलगी, पीएच.डी. करणारी. माझ्या पेपरात लिहिलंय तो प्रयोग ती दोन वर्षं करत होती. निघत नव्हता. तिच्या गाईडनं तिला कामचुकार ठरवलं, सगळ्यांसमोर बोलले, शेवटी प्रयोगशाळेतून काढलं. घरी बसून तिनं माझ्या पेपरातली तिसरी आकृती मोठी करून पाहिली. त्या फोटोत सहा काळ्या पट्ट्या आहेत. रोगाची बुरशी मुळाला लागली की तुरीचं झाड एक प्रथिन बनवतं, त्याच्या खुणा त्या. तिनं पट्ट्या एकीवर एक ठेवून पाहिल्या. तिनं लिहिलं होतं, "मॅडम, पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी पट्टी एकच आहे. पाचवी फक्त उलटी केलेली आहे. माझं काही चुकत असेल तर सांगा."

तिचं काही चुकत नाही. सहापैकी तीनच पट्ट्या खऱ्या आल्या होत्या. उरलेल्या मी चिकटवल्या.

माझे गाईड श्रीमंत सर यांनी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हाच त्यांना खटकला होता. मला म्हणाले, "अंबिका, हा फोटो मला पटत नाही. परत कर, मी थांबतो." सर पेपर दाबून ठेवतात असं मी घरी सांगायचे, ते दाबून ठेवणं एवढंच होतं. चार महिने ते रोज विचारायचे, केलंस का? आणि मी रोज म्हणायचे, करून राहिले सर. केलं नाही. परत केलं असतं तर तीनच आल्या असत्या.

त्या मे महिन्यात मी मुरुडला आले आणि तू जेवताना विचारलंस, "पेपर कवा छापून येणार?" मी रडले. सर माझं नाव काढून भाच्याच्या नावानं छापणार आहेत, असं मी बोलले. सरांना भाचा आहे. तो बँकेत कॅशियर आहे.

मी का बोलले याचं मला खूप दिवस उत्तर सापडत नव्हतं. आता लिहिते. मी चौथीत होते तेव्हा माझी पाटी फोडणाऱ्या पोराचे तू ओठ फोडलेस. बारावीत एकानं चिठ्ठी दिली, त्याला तू बसस्टँडवर लोळवलंस. तुझ्यापुढं रडलं की पुढं काय होतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दिवशी मला सरांची भीती वाटत होती, आणि मी तुझ्यापुढं रडले.

आपण सरांच्या घरी निघालो तेव्हा जीपमध्ये रॉड पोत्यात गुंडाळून ठेवला होता. कोर्टात तू म्हणालास की तो तुला सरांच्या अंगणात सापडला. अण्णा, मुरुडपासून नांदेडपर्यंत माझे पाय त्याच्यावरच होते. चपलेतून लागत होता. तुझा दोस्त चंद्रप्पा गाडी चालवत होता, तू पुढं बसला होतास, आणि नांदेडात शिरल्यावर एवढंच म्हणालास, "तू फक्त हाक मार."

मी हाक मारली. दुपारचे दोन वाजले होते, गल्लीत कुत्रंही नव्हतं. सरांच्या बायकोनं, उमाबाईंनी, आतून विचारलं, कोण? मी म्हणाले, "काकू, मी अंबिका." त्यांनी दोन्ही कड्या काढल्या. "अगं, एवढ्या उन्हात? थांब, पाणी देते," म्हणत त्या वळल्या आणि तू दार ढकललंस. दाराच्या फळीनं त्या आतल्या उंबऱ्यावर तोंडावर पडल्या. समोरचे दोन दात तिथंच पडले. मी त्यांच्यावरून पाय टाकून आत गेले.

सर बनियनवर बसून उत्तरपत्रिका तपासत होते. तू पहिला घाव खांद्यावर घातलास. ते खुर्चीसकट पडले. "बहिणीचं नाव खोडतो का?" असं तू ओरडलास. ते खालून तुला काहीतरी म्हणाले. मी कूलरला चिकटून उभी होते, मला ऐकू आलं नाही. मग तू त्यांना दंडाला धरून वर ओढलंस, त्यांचा उजवा हात टीपॉयवर ठेवलास आणि मनगट पायाखाली दाबलंस. चार घाव. पहिल्याला ते ओरडले. तिसऱ्याला नुसता लाकडाचा आवाज आला. उत्तरपत्रिकांवर रक्त उडालं, माझ्या ओढणीवर उडालं. एका बोटाचं हाड बाहेर आलं होतं. मी "अण्णा, बस" म्हणू शकले असते. तोंड उघडलं नाही. त्या क्षणी मला काय वाटत होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते: आता हे फोटोचं काही विचारणार नाहीत, असं वाटलं.

दवाखान्यातून त्यांनी डाव्या हातानं पेपरला संमती दिली. संमती मागणारा ईमेल मीच त्यांना पाठवला होता, घटनेनंतर सतराव्या दिवशी.

पोलिसांना सरांनी दोनच माणसं सांगितली, उमाबाईंनीही. तू म्हणालास, मी माझ्या मनानं केलं, बहीण मुरुडला होती. मला पिंजऱ्यात बोलावलं तेव्हा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून मीही म्हणाले, मुरुडला होते. तू माझ्याकडं बघून मान हलवलीस, जशी मी परीक्षेला निघताना हलवायचास. तुला सात वर्षं लागली. चंद्रप्पा दोन भोगून आला.

जानेवारीत मी कंधारला गेले. सर नोकरी सोडून गावी राहतात. उजवा हात आहे, पण तीन बोटं आत वळलेली, मूठ उघडत नाही. डाव्या हातानं जेवतात, भात सांडतो. उमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "तिला म्हणावं हळू बोल. तिचा आवाज आला की माझ्या अंगाला कापरं भरतं."

मी सरांना विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

ते म्हणाले, "घेतलं असतं तर तुझं शिक्षण संपलं असतं. मला वाटत होतं, तू स्वतः येशील. आठ दिवसांत येशील, मग वाटलं महिन्यात येशील." पुढं म्हणाले, "आणि संमती मी भिऊन दिली. परत येतील म्हणून. ती चूक माझी आहे, ती तुझ्यावर घालत नाही."

अक्षरालाही मी सगळं कळवलं, तिच्या गाईडला वेगळं पत्र घातलं. पेपर मागं घ्यावा म्हणून मासिकाला लिहिलं. फोटो बनावट आहे आणि तो मीच केला, असं स्पष्ट लिहिलं. कॉलेजनं मला घरी बसवलंय. आणि शनिवारी मी नांदेडला ठाण्यात जाऊन त्या दुपारचा जबाब दिला. दाराशी हाक मी मारली, हे सांगितलं. साहेब तरुण होते, त्यांना केस माहीत नव्हती. त्यांनी जुने कागद मागवलेत. वकील बघून ठेवा म्हणाले.

तू एप्रिलात सुटणार. आई तुझ्यासाठी खोली सारवून घेते आहे. तिला मी अजून सांगितलं नाही, वहिनीला सांगितलंय. ती ऐकून दुकानात निघून गेली.

तुझी सहा वर्षं खोट्या फोटोपायी गेली, अण्णा. तू बाहेर आलास की माझ्याकडं ये आणि तुला वाटेल तेवढं मार. मी दार लावणार नाही. फक्त कंधारला जाऊ नकोस. त्या दोघांनी तुला पुन्हा बघू नये.

तुझी,
अंबिका


४ मार्च २०२५

चि. अंबिका हिस, राजशेखरचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. तुझं अक्षर बारीक हाय, मला दोन दिवस लागले वाचाया. दुसऱ्या दिवशी बराकीतल्या सिद्रामप्पानं मागून डोकावून वाचलं अन् हसला. म्हणला, तुझी शास्त्रज्ञ बहीण तर नकली निघाली की. म्या त्याचा जबडा फोडला. नळाच्या कठड्यावर डोस्कं आपटलं तीनदा. चौघांनी मला वढून काढलं. तो दवाखान्यात हाय, जगंल म्हणतेत. माझी शिक्षेतली माफी रद्द झाली. आता एप्रिल न्हाई, पुढच्या सालचा मे. आणि ह्याची केस येगळी. आईला सांग, खोली सारवू नको.

एक गोष्ट तुला म्हाईत न्हाई. कूलरच्या आवाजात तुला ऐकू आलं न्हाई असं तू लिवलंस. मला आलं व्हतं. सर खालून म्हणले, "राजशेखर, पोरीनं फोटो खोटा केलाय. मारण्याआधी तिला एकदा इचार." मी खरं तर खांद्यावर एक घालून, दम देऊन परत येणार व्हतो. चंद्रप्पाला तसंच बोललो व्हतो. ते बोलले म्हणून म्या त्यांचा हात टीपॉयवर ठेवला. तुला इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तू खरं बोलली असतीस, तुझं तोंड बघूनच कळलं व्हतं मला. मला ते ऐकायचं नव्हतं.

म्हणून म्या पत्रात इचारत व्हतो, किती झाले, किती झाले. शंभर झाले तवा वाटलं, एवढी शिकलेली माणसं काय येडी हायेत का, सरच खोटं बोलले असतील. दोनशे झाले त्या रात्री नीट झोप लागली. तू समजती तू मला फसवलंस. न्हाई. म्या ऐकून मारलं.

तर माझ्यावर उपकार केल्यासारखं सहा वर्षं तुझ्यापायी गेली असं लिवू नको. तुझ्या जबाबाचं तू बघ. माझ्याकडं साहेब आले तर हे पण सांगणार हाय, सर काय बोलले ते. त्यांनी कोर्टात ते पण सांगितलं नव्हतं. का सांगितलं न्हाई ते मला कळत न्हाई.

कंधारला म्या जात न्हाई. पण तू म्हणती तसं तुझ्याकडं पण येणार न्हाई. आलो तर म्या मारीन. तू खाली मुंडी घालून मार खाशील, मी घामाघूम होईन, मग आई जेवाया वाढंल आन् आपण दोघं जेवू. आपल्या घरात हेच झालंय आजवर. कुणाला तरी मारलं, मग जेवलो.

तुला जेल झाली तर साक्षीला भेटाया येऊ देऊ नको. झाली न्हाई तर कंधारला तू जात राहा. त्यांनी दार न्हाई उघडलं तरी जा. हाक मात्र मारू नको. बाहेर उभी राहा.

तुझा भाऊ,
राजशेखर