दारातली निळी फळी

१२ जून, सकाळी ११.२०
आलेला माल: पाणी अडवायची फळी, दाराची, निळी, अडीच फूट उंच, एक नग – ११,८०० रु. फळी आवळायचा पाना, एक – फळीबरोबर फुकट. माहितीचा कागद, इंग्रजी – फुकट. शिवडीच्या गोडाऊनपासून परळपर्यंत टेम्पो – ३५० (चारशे मागत होता). नारळ – ३५. हळदकुंकू घरचं.
न घेतलेला माल: मोरीचं बूच – १,४५० वाचले.
बुचासाठी कंपनीचा राकेश तीनदा मागे लागला. मावशी, मोरीला पण लावून घ्या, पाणी खालून उलटं येतं. म्हटलं, बाळा, या तळमजल्यावर चौतीस वर्षं काढली, पाणी काय ते मला शिकवू नकोस. पाणी माणसासारखं दारातून येतं. मग त्याने बिलावर काहीतरी लिहून माझी सही घेतली. इंग्रजीत होतं. प्रशंसा असावी.
पैसे भिशीचे. ह्यांना विचारलं नाही, सांगितलं.
हेतू: मुलगा धनेश, सून अक्षदा आणि नात पूर्वी डोंबिवली सोडून परत या खोलीत राहायला यावेत. पाण्याला कंटाळून गेले. पाणी थांबलं की येतील. सरळ हिशेब आहे.
निश्चय: आपण होऊन मुलाला फोन करायचा नाही.

१३ जून
फळी बसवून पाहिली. कंपनीकडे याहून स्वस्तातली फळीही होती, पण तिला उंबरठ्यात भोकं पाडावी लागतात. ज्या उंबरठ्यावर रोज हळदकुंकू वाहते, तिथे ड्रिल फिरवू देणार नाही. ही नुसती चौकटीत उभी करायची. पान्याने बोल्ट फिरवला की फुगते आणि दोन्ही बाजूंना रबर दाबून बसते.
वेळ लागला चौदा मिनिटं. ह्यांनी हात लावला नाही, सूचना केल्या.
फळीवर स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. समोरच्या रमाबाई म्हणाल्या, अहो सुभद्राबाई, फळीला वास्तुशांत पण करणार काय? जळतात. त्यांच्या दाराला गोणपाट आहे.

१५ जून
हे पेपर वाचता वाचता म्हणाले, गो, ती गेली मे म्हयन्यात, पाणी इला जुलयत.
गेल्या वर्षीची वही काढली. टेम्पो, धनेशचं सामान, डोंबिवली – ३ मे. खोलीत पाणी, गुडघाभर – २० जुलै. तारखा बरोबर आहेत. पण शिकलेल्या माणसांना पाण्याची चाहूल आधी लागते. अक्षदा बी. कॉम. आहे.
ह्यांनी पेपरचं पान उलटलं. पटलं असणार.

२८ जून
सकाळपासून जोरात. फळी लावली. नऊ मिनिटं. पाणी आलं नाही. फळीचा पहिला गुण.
रमाबाईंकडेही आलं नाही. तो योगायोग.
गॅसवाला सिलिंडर फळीवरून आत द्यायला तयार होईना. सिलिंडर घेऊन परत गेला. दुपारचा स्वयंपाक रमाबाईंच्या शेगडीवर करावा लागला. त्यांनी दोनदा विचारलं, फळी कशी आहे. बदल्यात पेला भरून साखर दिली, उपकार नको.

२ जुलै
पाना हे कुठेही ठेवतात. परवा टीव्हीवर, काल तांदळाच्या डब्यात. आजपासून पाना देव्हाऱ्याच्या खणात, लाल फडक्यात. कोणी हात लावायचा नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे, तेवढं पुरे.

१० जुलै
२४ तारखेला दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे घासून मांडायचे, कणकेचे गोड दिवे करायचे, मुलांना ओवाळायचं. पूर्वी चार वर्षांची झाली, एकदाच ओवाळली आहे.
ह्यांच्याकडून धनेशला फोन करवला. मी बाजूला उभी राहून काय बोलायचं ते सांगत होते. म्हणजे फोन मी केला नाही.
धनेश म्हणाला, अक्षदाला विचारून सांगतो. एवढा मोठा इंजिनीअरिंगचा डिप्लोमा, आणि आईच्या घरी जायला विचारून सांगतो.
अक्षदाच्या मनात अजून ती गेल्या वर्षीची २९ एप्रिलची गोष्ट असेल असं हे म्हणतात. एवढीशी गोष्ट. लिहून ठेवते, म्हणजे एकदाची संपेल. दिवेलागणीला मी दाराला कडी लावून मौनात जप करते, एकशे आठ. मध्ये बोललं किंवा उठलं तर पहिल्यापासून. त्या दिवशी पूर्वीला ताप म्हणून पाळणाघरातून घेऊन ती अवेळी आली. दार वाजवलं. माझे ब्याऐंशी झाले होते. हे घरात नव्हते. वीस मिनिटं उभी राहिली असेल. रमाबाईंनी खुर्ची दिली, पोरीला पाणी पाजलं, म्हणजे गैरसोय काहीच झाली नाही. दार उघडल्यावर मी आधी अंगारा लावला. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तो कोणामुळे उतरला हे कोणी विचारत नाही.

१४ जुलै
येतो म्हणाले. तिघंही. दुपारी जेवून जाऊ म्हणाले.
जाऊ नाही, राहू. पाऊस आला तर बरंच. फळी चालताना एकदा डोळ्यांनी पाहिली की सुनेचं मत बदलेल. गणपतीला उजवीकडच्या पत्र्याच्या डब्यात उकडीच्या मोदकांचं पीठ... पण ते पुढचं. आधी मागची खाट त्यांच्यासाठी मोकळी करायची.
बाप्पाला साकडं: २४ ला पाऊस असू दे. जास्त नको. गुडघ्याखाली.

२३ जुलै
दिवे घासले. समया दोन, निरांजनं पाच, लामणदिवा एक, कंदील एक. चिंच – १५ रु.
मोरीच्या भोकात जुन्या नऊवारीचा बोळा घट्ट बसवला, वर वरवंटा. राकेशच्या १,४५० रुपयांचं काम. खर्च शून्य.
चाळीचे सेक्रेटरी गुणाजी जिन्यावरून म्हणाले, वहिनी, उद्या दुपारी साडेबाराला मोठी भरती आहे, पावसाचाही अंदाज आहे, पोरांना बोलवू नका. म्हटलं, पोरं भरतीसाठीच येतायत. त्यांना समजलं नाही.

२४ जुलै, सकाळी १०.४०
आले. पूर्वीची उंची वाढली आहे. मला पाहून अक्षदाच्या मागे गेली. शिकवलेलं दिसतं.
अक्षदाने खाली वाकून नमस्कार केला. बॅग खांद्यावरून काढली नाही.
पाऊस आहे. बाप्पा ऐकतो.

दुपारी १२.१०
गल्लीत पाणी. फळी सहा मिनिटांत लावली, आतापर्यंतची सर्वांत कमी वेळ. सगळे बघत होते. पाना परत खणात.
१२.२५. पाणी फळीला चार बोटं लागलं. आत थेंब नाही. धनेशने खाली वाकून रबरावरून बोट फिरवलं, म्हणाला, आई, चीज आहे हां. हे म्हणाले, बरी हा. अक्षदासुद्धा बघायला उठली. रमाबाईंच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यांचा झाडू तरंगत बाहेर आला, मी फळीवरून पाहिला. वाईट वाटलं.
चौतीस वर्षांत इतकं समाधान मिळालं नव्हतं. आता पूजा करून जपाला बसते. जप झाला की पूर्वीला ओवाळेन आणि मग खाटेचा विषय काढेन.

संध्याकाळी ७.००
घडलं ते क्रमाने लिहिते. नंतर कोणी वेगळं सांगितलं तर ही वही आहे.
पाटावर दिवे मांडले, पूजा झाली, जप सुरू केला. मौन. एकोणिसाव्या जपाच्या सुमाराला मोरीत घशात अडकल्यासारखा आवाज झाला. पंचविसाला वरवंटा सरकला. बोळा वर आला आणि मागून गटाराचं पाणी. धनेश ओरडला, बाबा, मोरीतून येतंय. मी ऐकत होते, पण माळ हातात होती.
पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्याखाली. कणकेचे एकवीस दिवे ताटासकट कपाटापर्यंत गेले. समया आडव्या. पूर्वीला खाटेवर उभं केलं होतं, ती रडत होती.
साठाला भरती उतरायला लागली. गल्लीतलं पाणी गेलं. रमाबाईंच्या घरातलं दारातून आपोआप निघून गेलं. मोरीनेही पाणी परत ओढलं, पण त्याबरोबर नऊवारीचा बोळा पाइपात जाऊन बसला. राहिलं ते पाणी आत. बाहेर कोरडी फरशी, आत पिंढऱ्यांपर्यंत गटार, आणि मध्ये माझी फळी. एक थेंब बाहेर गेला नाही. रबर उत्तम प्रतीचं आहे, हे कोणीही नाकारू शकणार नाही.
धनेश म्हणाला, फळी काढा, पाच मिनिटांत रिकामं होईल. पाना कुठाय? ह्यांनी टीव्हीवर बघितलं, तांदळाच्या डब्यात हात घातला. धनेश माझ्यापुढे येऊन म्हणाला, आई, पाना. मी बोटाने देव्हारा दाखवला. त्याला वाटलं, मी देवाची प्रार्थना कर म्हणतेय. पुन्हा म्हणाला, आई, बोल. माझे एकाहत्तर झाले होते. तीन वेळा बोट दाखवलं, डोळे मोठे केले, मानेने खूण केली. एवढी शिकलेली तीन माणसं, एकाला समजू नये.
बाप-लेक बादल्यांनी पाणी फळीवरून बाहेर फेकू लागले. पूर्वी म्हणाली, आजी बोलत का नाही. अक्षदा म्हणाली, तिचं चाललंय. मग धनेशकडे बघून म्हणाली, त्या वेळी मी बाहेर होते, आज आत आहे, एवढाच फरक.
त्याचा अर्थ लागला नाही. दमली असेल.
पंच्याण्णवला धनेशने पूर्वीला उचलून फळीवरून गुणाजींच्या हातात दिलं. मग अक्षदा स्टुलावर चढून गेली. मग तो. हे त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. पूर्वीचा एक बूट राहिला.
एकशे आठ पूर्ण झाले तेव्हा घरात कोणी नव्हतं. मी म्हटलं, पाना खणात आहे.
जप मोडला नाही. एवढं तरी आज घडलं.

२५ जुलै, श्रावण सुरू
हे स्टेशनवरून परत आले नाहीत. गुणाजींच्या मोबाइलवर फोन आला. खोली सुकेपर्यंत डोंबिवलीला राहतो, गुडघ्यांना ओल सोसत नाही. माझ्या गुडघ्यांचं विचारलं का, असं मी गुणाजींना विचारलं. ते म्हणाले, रेंज नव्हती.
गुणाजींनी तारेने मोरीतला बोळा काढला. नऊवारी ओळखू आली नाही.
फिनेल – ९०. ब्लिचिंग – ४०. दूध फळीवरून.

२९ जुलै, नागपंचमी
पाऊस नाही. खोली सुकली. हे आले नाहीत.
गुणाजी दोनदा येऊन गेले. वहिनी, पाना द्या, दोन मिनिटांचं काम आहे, दारात हा अडसर किती दिवस ठेवणार. म्हटलं, पाना सापडत नाही. ते म्हणाले, माझ्याकडे आहे तसला एक, आणतो. म्हटलं, नको, बाहेरच्या माणसाने हात लावला तर गॅरंटी जाते.
रमाबाई पुरणाची दिंडं घेऊन आल्या. फळीवरून दिली. तिथेच उभ्या राहिल्या, खुर्ची आणू का म्हणाल्या. खुर्ची कशाला, मी माझ्या घरात आहे.
दिंडं बरी होती. वेलची जास्त.

३ ऑगस्ट, सकाळी ९.००
गुणाजींच्या मोबाइलवरून राकेशला फोन केला. मुलाला नाही, राकेशला. म्हणाला, मावशी, बिलावर लिहिलंय, मोरीचं बूच नाकारलं, कंपनी जबाबदार नाही, खाली तुमची सही. बूच अजून स्टॉकमध्ये आहे, पण भाव १,६०० झाला. पूर्वीच्या बुटाचं विचारलं असतं तर तेवढाच उपयोगी पडला असता.
पाना खणातच आहे. खोबरेल लावून पुन्हा फडक्यात गुंडाळला, गंजायला नको.
फोन न करण्याचा निश्चय कायम. पोस्टकार्ड म्हणजे फोन नव्हे. पहिल्या मसुद्यात एक ओळ होती, संध्याकाळी आता कडी लावत नाही. ती खोडली. जप कोणासाठी मोडायचा नसतो. पक्की प्रत खाली उतरवून ठेवते. कार्ड गुणाजींकडे फळीवरून देईन.

चि. धनेश यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. खोली पूर्ण सुकली आहे, वास नाही. फळीला काहीही झालेलं नाही, ओरखडासुद्धा नाही. मागची खाट रिकामी आहे. पूर्वीचा डावा बूट धुऊन वाळवून ठेवला आहे, तो पोस्टाने पाठवला तर आकार बिघडेल. दिवे पुन्हा करता येतील, कणीक आहे. फळी दारात घट्ट बसली असून पाना कुठेही सापडत नाही. मला वाटतं, त्या दिवशीच्या गडबडीत तुझ्या बाबांच्या पिशवीत गेला असावा. तरी तुम्ही सर्वांनी पिशवी नीट बघावी, आणि पाना घेऊन कोण व कधी येणार ते उलट टपाली कळवावे.